कांद्याची चाळ आणि गणिती प्रतिरूप

नाशवंत मालाच्या पुरवठ्याची गणिती प्रतिरूपे रचताना 'नुकसान' हा एकच आकडा पुष्कळदा योजिला जातो. नाशिककडील कांदा-उत्पादकाची भाषा याहून काटेकोर आहे. घट, सड आणि कोंब असे तीन शब्द ती वेगळे राखते. एप्रिल-मेमध्ये चाळीत भरलेला उन्हाळ कांदा कोरड्या उष्म्याने वजनात घटतो, पावसाळी दमटपणाने सडतो, आणि सुप्तावस्था संपली की त्यास कोंब फुटतात. कारणे भिन्न, काळही भिन्न. तेव्हा संगणकीय सदृशीकरणात या तिन्ही प्रक्रिया स्वतंत्र मांडल्या पाहिजेत. एरवी, लासलगावच्या बाजारात माल जुलैत न्यावा की ऑक्टोबरपर्यंत थांबावे, या प्रश्नास (आणि हा प्रश्न वर्षाच्या कमाईचा असतो) उत्तर मिळणे कठीण.

चाळीतील तापमान व आर्द्रता यांच्या नोंदींवरून सडीचा वेग यंत्र-अध्ययनाने पुष्कळसा अजमावता येतो. भावाचे तसे नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली, मे २०२४ मध्ये ती उठली. मागील भावांच्या आकडेवारीत अशा निर्णयाची चाहूल नसते. मराठी व्याकरण ज्यास संकेतार्थ म्हणते, त्या रूपानेच तो प्रतिरूपात बाहेरून घालावा लागतो.