नाताळची कोडी, इंग्रजीची गोडी

राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. तरी नंदुरबार जिल्ह्यात, जिथं सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत, इंग्रजीचा तास म्हटलं की अजूनही मुलांच्या पोटात गोळा येतो. नवापूर तालुक्यात शिकवताना मला हात दिला तो डिसेंबर महिन्यानं. इथल्या कितीतरी पाड्यांवर नाताळ हा घरचा सण आहे. त्या निमित्तानं शब्दकोडी आणि वाक्प्रचार शिकवताना जे गाठीशी आलं, ते इथं मांडतो.

१. मुलांना धास्ती असते ती हसं होण्याची. आमचं मूल घरी मावची बोलतं, शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि मोबाइलवर हिंदी ऐकतं. नवापूरचं रेल्वे स्थानकच अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिथं घोषणा चार भाषांत होतात, त्यात इंग्रजीही आली. अशा मुलाला आणखी एका भाषेचं काय ओझं? पण फळ्यावर चुकलं की वर्ग हसतो. कोड्यात चुकलं तर अक्षर चौकटीत बसत नाही, एवढंच. मूल गुपचूप खोडतं आणि पुन्हा लिहितं.

२. कोडं गणिताच्या चौकटीच्या वहीत मावावं. उभ्या-आडव्या चार-चार चौकटी आखा. पहिल्या ओळीत आडवा लिहा ‘स्टार’. त्यातल्या ‘टी’पासून खाली उतरवा ‘ट्री’. तिच्या शेवटच्या ‘ई’ला धरून तळाच्या ओळीत आडवी बसते ‘बेल’. अक्षरं दहा, उरलेल्या सहा चौकटी काळ्या. झेरॉक्सला पैसे लागत नाहीत आणि पहिलं कोडं सुटायला मुलाला फार वेळही लागत नाही. पहिलं सुटलं की दुसरं ते स्वतःच मागतं.

३. सूचना सगळ्या वर्गाची असावी. नाताळ करणारी आणि न करणारी मुलं एकाच बाकावर बसतात. म्हणून ‘बेल’साठी मी विचारतो : चर्चमध्ये असते, देवळात असते, शाळेतही असते, ती कोण? ‘ट्री’साठी : मोह हा त्यातलाच एक. बायबलमधलं ज्याला ठाऊक, त्यालाच सुटेल असं कोडं अर्ध्या वर्गाला गप्प बसवतं.

४. बर्फ आणि धुराडी बाजूला ठेवा. बाजारातल्या इंग्रजी वर्कशीटमध्ये रेनडिअर, स्लेज आणि स्नोमॅन यांचीच गर्दी असते. आमच्या सातपुड्यात हिमवर्षाव होत नाही, पण तोरणमाळ आणि डाबच्या बाजूला दवबिंदू गोठल्याच्या बातम्या कडाक्याच्या थंडीत येतात. तेव्हा ‘स्नो’आधी ‘फ्रॉस्ट’ शिकवा. तो शब्द मुलांनी गवतावर पाहिलेला असतो.

५. वाक्प्रचाराला प्रसंग लागतो. भेटीत मिळालेल्या घोड्याचं तोंड उघडून पाहू नये, अशी एक इंग्रजी म्हण आहे. नाताळच्या भेटवस्तूंसोबत ती हमखास शिकवली जाते आणि हमखास डोक्यावरून जाते. आमच्याकडे दत्तजयंतीला, बहुधा डिसेंबरातच, शहादा तालुक्यात सारंगखेड्याला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. गिऱ्हाईक घोड्याचा ओठ वर करतं, दात पाहतं, वय ताडतं आणि मगच सौद्याला बसतं. हे पाहिलेल्या मुलाला मी एवढंच विचारतो, ‘घोडा फुकट मिळाला तर दात बघशील का?’ उत्तर येतं, ‘कशाला?’ म्हण तिथंच कळते. धर्माच्या गायीचे दात आपणही मोजत नाही, हे मुलं मग आपण होऊन सांगतात.

६. विनोद असला तर लक्षात राहतं. ‘टर्कीज व्होटिंग फॉर ख्रिसमस’ म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं. टर्की इथं कुणी पाहिलेली नाही, पण नवापूर म्हणजे पोल्ट्रीचं गाव. २००६ च्या बर्ड फ्लूमुळे ते देशभर ठाऊक झालं. कोंबड्यांनी रांग लावून मटणवाल्याला मत दिलं, असं म्हणताच वर्ग खो खो हसतो. त्यानंतर वाक्यात उपयोग करा, असं सांगावं लागत नाही.

७. कोड्यांचा इतिहासही सांगावा. पहिलं शब्दकोडं आर्थर विन यांनी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या रविवार पुरवणीत छापलं, २१ डिसेंबर १९१३ रोजी, नाताळच्या तोंडावर. ‘अ‍ॅलिस’वाल्या लुईस कॅरल यांनी १८७७ च्या नाताळात, करायला काही नाही म्हणून कंटाळलेल्या दोन मुलींसाठी एकेक अक्षर बदलत जाण्याचा खेळ रचला. ‘कोल्ड’पासून ‘कॉर्ड’, ‘कार्ड’, ‘वॉर्ड’ करत ‘वॉर्म’ला पोचायचं. थंडीच्या सकाळी, शेकोटीशी बसूनही हा खेळ चालतो. पाटी-पेन्सिल नसली तरी अडत नाही.

८. शेवटचं कोडं मुलांनीच रचावं. सोडवताना शब्द ओळखीचा होतो. रचताना त्याचं स्पेलिंग, अर्थ आणि सूचनेचं वाक्य, तिन्ही हाताखालून जातं. खरी परीक्षा इथं होते.

इंग्रजीच्या शिक्षकांना एवढंच सांगणं : येत्या डिसेंबरात तयार वर्कशीट आणू नका. वहीतल्या सोळा चौकटी आणि गावातले चार शब्द घ्या. मुलांनी केलेलं कोडं त्यांच्या नावानिशी शाळेच्या फलकावर लावा, आणि ते सोडवायला पहिल्यांदा मुख्याध्यापकांनाच बोलवा.