ससा आणण्याआधी मे महिन्याची दुपार आठवा

सोलापुरात ससा पाळायचा तर आधी जागा ठरवावी, मग ससा बघावा. आमच्या घरी हा क्रम उलटा झाला. गड्ड्याच्या यात्रेचे, थंडीचे दिवस होते. मुलीच्या हट्टापायी पांढऱ्या सशांची जोडी घरात आली. ‘दोन्ही माद्या आहेत, गच्चीवर पत्र्याखाली पिंजरा ठेवा, गाजर-कोबी घाला, बाकी काही लागत नाही,’ असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. पुढे यातलं काहीच खरं निघालं नाही.

मार्च सरता सरता पत्रा तापू लागला. एका दुपारी एक ससा आडवा पडून, तोंड उघडं टाकून धापा टाकताना दिसला. कान हाताला पोळत होते. सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. भोवतालची हवाच तापली की तीही सोय संपते. साधारण 15 ते 25 अंशांत तो सुखी असतो, 30 च्या पुढे त्याचे हाल सुरू होतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 पर्यंत जातो. त्या सशाला खाली आणून फरशीवर ठेवलं, कान गार पाण्याने ओले केले आणि पशुवैद्यकांकडे नेलं, म्हणून तो वाचला. अशा वेळी सशाला बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, त्या धक्क्यानेच तो दगावू शकतो.

म्हणून पिंजरा तळमजल्यावर किंवा घरातल्या सर्वांत गार खोलीत हवा. एका सशाला किमान 4 फूट लांब, 2 फूट रुंद आणि मागच्या पायांवर उभं राहता येईल इतकी उंच जागा द्या. शिवाय रोज तीन-चार तास खोलीत मोकळं सोडा, विजेच्या वायरी मात्र आधी उचलून ठेवा. तळाला नुसती जाळी नको, तिने तळपायांना जखमा होतात. आत शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला की ससा आपणहून त्यावर पसरतो. दुपारी पाण्याची गोठवलेली बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. कूलर असेल तर आपल्या कोरड्या हवेत त्याचा चांगला उपयोग होतो. रात्री मांजर आणि घुशीपासून जपा. यात्रेतल्या शोभेच्या दारूकामाच्या आणि दिवाळीच्या रात्री त्याला आतल्या खोलीत, लपायला खोकं देऊन ठेवा.

दोन ‘माद्यां’चंही असंच झालं. उन्हाळा संपता संपता एकीने अंगावरची लव उपटून कोपऱ्यात घरटं केलं आणि त्यात डोळे मिटलेली, उघडी पिल्लं दिसली. सशाचा गर्भकाळ सुमारे 31 दिवसांचा. विताच मादी पुन्हा गाभण राहू शकते. पिल्लांचे नर-मादी ओळखणं कठीण असतं. खात्री पशुवैद्यकांकडूनच करून घ्या आणि तीन महिन्यांनंतर नर-मादी वेगळे ठेवा. नराचं खच्चीकरण कोण करतं, हेही आधीच विचारून ठेवा.

निवडताना आठ आठवड्यांहून लहान पिल्लू घेऊ नका. डोळे स्वच्छ, नाक कोरडं, कानांत खपल्या नाहीत, शेपटीखाली घाण नाही, पुढचे दात एकमेकांवर नीट बसलेले, एवढं पाहाच. पुढच्या पंजांची आतली लव चिकटलेली असेल तर ससा वाहतं नाक पुसतोय असं समजा. पाळीव प्राण्यांच्या दुकानाला 2018 च्या नियमांनुसार नोंदणी लागते. ते प्रमाणपत्र मागून बघा.

सशाचे दात आयुष्यभर वाढतात, ते झिजायला दिवसभर वाळलेलं गवत हवं. जोडीला हरळी, कोथिंबीर, थोडी मेथी. गाजर गोड, ते चवीपुरतंच. शेतावरून हिरवा चारा येत असेल तर कोवळी ज्वारी कधीही घालू नका. जनावरांना किराळ लागते (विषबाधा होते) ती याच चाऱ्याने. अर्धा दिवस ससा खात नसेल किंवा लेंड्या पडत नसतील, तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठा. गोचिडांवरचं कुत्र्यांचं औषध सशाला लावू नका. त्यातलं फिप्रोनिल सशाला विषारी आहे.

सशाला कान धरून कधीच उचलायचं नाही, हे मुलांना शिकवा. एक हात छातीखाली, दुसरा पार्श्वभागाखाली. लटकलेल्या सशाने पाय झाडले तर त्याचा कणाही मोडू शकतो. लहान मुलांनी जमिनीवर बसूनच त्याच्याशी खेळावं. सकाळी पाणी बदलणं आणि लेंड्या पडल्यात का ते बघणं, ही कामं मुलांना द्या. जबाबदारी मात्र मोठ्यांचीच.

नान्नजच्या माळावर किंवा शेताच्या बांधाला सापडलेलं रानसशाचं पिल्लू घरी आणू नका. आई त्याला दिवसभर एकटं ठेवून अंधारात दूध पाजायला येते. शिवाय 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे.

नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षं जगतो. आज तिसरीतलं लेकरू तेव्हा कॉलेजात असेल. तितकी वर्षं आणि तितके उन्हाळे निभावण्याची तयारी असेल, तरच मुलाला हो म्हणा. नसेल तर आजच नाही म्हणा. मूल चार दिवस रडेल, पण एका जिवाचे हाल टळतील.