जिवंत जंतूंवरील रक्तपरीक्षा : लेप्टोस्पायरोसिसमधील ‘मॅट’ चाचणी

पावसाळ्यात हर्णे परिसरातील ज्वरित रुग्ण आला की तो शेतात अथवा चिखलात उतरला होता काय, हे प्रथम विचारावे. बंदरावरील माणसाचा संबंध आपण समुद्राशी जोडतो. परंतु लेप्टोस्पायरा हा जंतू खाऱ्या पाण्यात फार काळ तग धरत नाही. उंदीर व गुरे यांच्या मूत्राने दूषित झालेले गोडे पाणी आणि ओली माती यांतून, त्वचेवरील क्षतावाटे तो शरीरात शिरतो. तीव्र ज्वर, पोटऱ्यांत असह्य वेदना, आरक्त नेत्र आणि पुढे नेत्रपीतता. हे चित्र कामलेसारखे भासते व तेथेच घात होतो.

या व्याधीची प्रमाणभूत चाचणी म्हणजे ‘मायक्रोस्कोपिक ॲग्लुटिनेशन टेस्ट’, संक्षेपाने ‘मॅट’. जंतूची जाडी अवघी ०.१ मायक्रोमीटर, साध्या सूक्ष्मदर्शकात तो दिसतच नाही. डार्क फील्ड पद्धतीत मधला प्रकाश अडवून केवळ तिरपे किरण सोडतात, तेव्हा काळ्या पार्श्वभूमीवर तो रुपेरी तारेसारखा वळवळताना दिसतो. त्याला रंगवावे लागत नाही, म्हणून मारावेही लागत नाही.

चाचणीस ९६ खळग्यांची ताटली घेतात. एकेका ओळीत रुग्णाचे सीरम दुप्पट-दुप्पट विरल करीत जातात व प्रत्येक खळग्यात जिवंत जंतू घालतात. जंतूचे प्रकार अडीचशेहून अधिक असल्याने ओळीगणिक प्रकार निराळा. सुमारे २ तासांनी एकेक खळगा तपासतात. ज्या शेवटच्या विरलतेत निम्मे जंतू पुंजके करून बसलेले आढळतात, ते उत्तर. असे जिवंत वाण सतत जोपासणे कष्टाचे व जोखमीचेही; त्यामुळे ही सोय मोजक्याच ठिकाणी आहे.

आता आपल्या कामाचा भाग. प्रतिद्रव्ये साधारणतः पाचव्या ते सातव्या दिवसानंतर प्रकट होतात. तिसऱ्या दिवशीचा ‘निगेटिव्ह’ अहवाल पाहून मी एकदा निश्चिंत राहिलो होतो. चारच दिवसांत त्या रुग्णावर डायलिसिसची वेळ आली. दहा-चौदा दिवसांनी दुसरा नमुना घेऊन चौपट वाढ दिसली तर निदान पक्के, पण तोवर रुग्णाचे जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. म्हणून संशय येताच, अहवालाची वाट न पाहता, त्यास दापोलीस रुग्णालयात धाडावे. प्रतिजैविक जितके लवकर तितके बरे. औषधविक्रेते बंधूंनी अशा रुग्णास अंगदुखीच्या गोळ्या परस्पर देऊ नयेत, वृक्कांवर अधिकच भार पडतो.

रुग्ण पाठविताना चिठ्ठीवर ज्वराचा कितवा दिवस आहे हे अवश्य लिहावे. त्यावाचून प्रयोगशाळेच्या अहवालाचा अर्थ लावता येत नाही.