शेवटच्या खुर्चीपर्यंत

अबू धाबी

चि. बाळू यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. डीजेच्या कामांसाठी पंधरा इंची दोन पेट्या घ्याव्यात की हे उभे, खांबासारखे कॉलम स्पीकर, आणि किती वॅटचे, असं तू विचारलंस. पाठोपाठ ताईचाही फोन आला, "त्याला खर्चात पाडू नकोस" म्हणून. तेव्हा हे पत्र दोघांनी मिळून वाचा.

वॅटचा आकडा तूर्त बाजूला ठेव. तू वाजवणार कुठे, ते आधी पाहू. तुला सांगून आलेली कामं मी आठवून पाहिली. अल नहदामधल्या टॉवरच्या पार्टी हॉलमध्ये बारसं, दुबईतल्या करामा भागात एका रेस्टॉरंटच्या वरच्या मजल्यावर साखरपुडा, मंडळाचं हळदीकुंकू, एका कंपनीची वर्षअखेरची पार्टी, गणपतीतली एक संध्याकाळ. सगळीकडे पन्नास ते दीडशे माणसं. छत बुटकं, जमीन टाइल्सची, एखादी भिंत सबंध काचेची. आणि नाच सुरू व्हायच्या आधी बराच वेळ माणसं बोलणार: स्वागत, सत्कार, उखाणे, अंताक्षरी, पोरांच्या कविता. तू साताऱ्यात डॉल्बीच्या भिंतीपुढे वाढलास. तिथे आवाज छातीवर आदळला की लोक खूश होतात. इथे नव्या सुनेने लाजत घेतलेला उखाणा मागच्या रांगेतल्या आजीला कळला नाही, तर पुढे तू कितीही नाचवलंस तरी त्या घरचं दुसरं बोलावणं येणार नाही. म्हणून माझा कौल कॉलमला. मात्र तो काय करतो आणि त्याच्याकडून काय होत नाही, हे नीट समजून घे.

कॉलममध्ये दोन-तीन इंची लहान स्पीकर एकावर एक, अगदी जवळजवळ बसवलेले असतात. समोर उभं राहिलं की सगळ्यांचा आवाज एकाच वेळी कानावर येतो आणि एकमेकांत मिळतो. वर-खाली गेलं की कानापासून प्रत्येकाचं अंतर कमी-जास्त होतं, लहरी एकमेकींना मारतात आणि आवाज पडतो. त्यामुळे छत आणि फरशी यांवर आवाज कमी आपटतो, घुमणं कमी होतं आणि शब्द सुटा ऐकू येतो. आडवा मात्र तो भरपूर पसरतो. काही कॉलम १२० अंश तर काही थेट १८० अंशांत आवाज टाकतात. दुसरा फायदा अंतराचा. साध्या पेटीचा आवाज अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल उतरतो, लांब रांगेचा ३. म्हणजे एका मीटरवरून आठ मीटरवर जाताना पेटी १८ डेसिबल गमावते आणि खांब, कागदावर तरी, ९. पुढच्या खुर्च्यांचे कान न फोडता मागे पोचता येतं ते यामुळे.

कागदावर म्हणालो, कारण हा हिशेब जवळच्या अंतरालाच आणि खांबाच्या मानाने आखूड लहरींनाच लागू पडतो. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ३४३ हर्ट्झची लहर एक मीटर लांब. तुझा खांबही मीटरभराचा असेल, तर ३४३ हर्ट्झच्या खालच्या सुरांवर त्याचा काही ताबा नाही. माणसाच्या शब्दांतली व्यंजनं वरच्या पट्टीत असतात, तिथे तो राजा. ढोलाचा ठोका मात्र खालच्या बेसच्या डब्यानेच उचलायचा.

नवे डीजे कॉलमवर नाराज होतात ते या डब्यापायी. खांब मोठा दिसतो, त्यावर लिहिलेला आकडा मोठा असतो, आणि खाली बेस असतो आठ-दहा इंचाचा. तुला नाचाची कामं घ्यायची आहेत, तेव्हा बेस बारा इंचांखाली नको. इलेक्ट्रो-व्हॉइसचा इव्हॉल्व्ह ५०, जेबीएलचा पीआरएक्स वन, आरसीएफचा इव्हॉक्स ८, यामाहाचा स्टेजपास १के, या सगळ्यांत बारा इंची बेस आहे. इव्हॉक्स १२मध्ये पंधरा इंची आहे. बोसचा एल१ प्रो ८ उचलायला हलका आणि बोलण्याला सुरेख, पण त्याचा लंबगोल बेस ७ बाय १३ इंचांचा. बारशाला पुरेल, दीडशे जणांच्या नाचाला अपुरा पडेल. प्रो १६चा १० बाय १८ आहे, तो बरा. कंपनीवरून भांडू नकोस. ज्याची दुरुस्ती दुबईत होते आणि वॉरंटी इथली आहे, तो घे.

वॅटचं एवढंच लक्षात ठेव. ताकद दुप्पट केली की आवाज ३ डेसिबल वाढतो, म्हणजे जेमतेम कळेल इतका. कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट ताकद लागते. खोक्यावरचा आकडा बहुधा क्षणभराच्या शिखराचा असतो, रात्रभर मिळणारी ताकद त्याहून बरीच कमी. त्यामुळे हजाराचा सोडून दोन हजारांचा घेतलास म्हणून हॉल हलणार नाही.

खांबाचा आकारही बघ. बोसच्या तीन नमुन्यांत प्रो ३२ सरळ आहे, प्रो १६ खाली किंचित वळलेला आणि प्रो ८ धनुष्यासारखा बाकदार. सरळ खांब आपल्या उंचीएवढ्या पट्ट्यातच आवाज टाकतो. तो मीटरभर उंच स्टेजवर ठेवलास तर खाली सतरंजीवर बसलेल्या बायकांच्या डोक्यावरून आवाज निघून जाईल. तिथे स्टेजवरून उतरव आणि माणसांच्या पातळीला जमिनीवर लाव. उलट नाचणारे उभे असतील, तर खांबाचा मधला भाग त्यांच्या कानांच्या उंचीला आला पाहिजे. नाहीतर पहिल्या दोन रांगांची अंगंच आवाज खाऊन टाकतात. त्यासाठी जोडतुकडे मिळतात, ते विकत घ्यायला कचरू नकोस.

आता हॉलमध्ये कुठे ठेवायचा ते. अरुंद, लांब हॉल असेल तर एकच कॉलम पुरतो. आखूड भिंतीच्या बाजूला, कोपऱ्यापासून थोडा पुढे ठेव. अगदी कोपऱ्यात सरकवलास तर बेस वाढेल, पण तो घुमेल आणि माइकवरचं बोलणं चिखलात रुतल्यासारखं होईल. रुंद हॉलला दोन लागतात. पण दोन बेस दोन टोकांना गेले की खालचे सूर काही जागी दुप्पट होतात, काही जागी गायब. ५० हर्ट्झची लहर जवळजवळ सात मीटरची असते. एवढ्या मोठ्या लहरी एकमेकींना छेदल्या की हॉलच्या मधोमध दणका आणि बाजूच्या टेबलांवर पोकळी, असं होतं. माणसं यायच्या आधी एक सबंध गाणं लावून हॉलभर फिर. पोकळी मोक्याच्या टेबलावर येत असेल तर एक खांब हातभर सरकव. वेळ मिळाला नाही असं मला सांगू नकोस, त्यासाठी लवकर जायचं. टॉवरमध्ये सामान सर्व्हिस लिफ्टने न्यावं लागतं आणि सुरक्षारक्षक व्यवस्थापनाची परवानगी मागतो, तेही त्यातच धर. कॉलम सुटा होऊन पिशवीत बसतो आणि एकट्याला एका-दोन खेपांत वर नेता येतो, हे मला त्याच्या आवाजाइतकंच मोलाचं वाटतं.

कॉलम कलाकाराच्या मागे ठेवला तरी चालतो, असं दुकानदार सांगतील. माइकचा आवाज बेताचा असेल तर चालतोही. पण आपल्याकडे माइक हातोहात फिरतो, कोणी तो छातीशी धरतो, कोणी स्पीकरकडे तोंड करून उभा राहतो, आणि मग शिट्टी वाजते. आडवा पसरलेला आवाज माइकलाही सगळीकडून गाठतो. तेव्हा खांब नेहमी माइकच्या पुढे ठेव आणि निवेदन चालू असताना माइकच्या वाहिनीतले खालचे सूर कापून टाक. आरतीला वेगळा विचार कर. टाळ-झांजांना माइक लागतच नाही, काचेच्या हॉलमध्ये त्या आधीच कानात घुसतात. एकच माइक आरती सांगणाऱ्याकडे दे आणि वरचे सूर उतरव.

मोबाइलवरून ब्लूटूथने वाजवू नकोस. दीडशे फोन असलेल्या खोलीत ते कधी तुटेल, सांगता येत नाही. कंट्रोलरची तार लाइनच्या तोंडात घाल, माइकच्या नको. कॉलमवरचा लाल दिवा सतत लुकलुकू लागला, तर यंत्र स्वतःला वाचवायला आवाज दाबतंय असं समज. अशा वेळी आवाज वाढवून काही मिळत नाही, बेस थोडा उतरव, ठोका पुन्हा मोकळा होईल. आणि पोरं स्पीकरसमोर बसत असतील तर त्यांना उठव. कान ८५ डेसिबल आठ तास सोसतो, ९४ एकच तास, १०० पाव तास. ही मर्यादा कामगारांसाठी ठरलेली आहे, लहान मुलांचे कान त्याहून जपले पाहिजेत.

विजेचं इथे भारतासारखंच आहे, २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. पण प्लग ब्रिटिश पद्धतीचा, तीन चौकोनी पिनांचा, आत १३ अँपिअरचा फ्यूज. गावाहून आणलेल्या गोल पिनांच्या तारा ॲडॉप्टरवर ॲडॉप्टर चढवून वापरू नकोस, इथल्याच चांगल्या तारा वापर. एका प्लगमधून साधारण तीन हजार वॅट निघतात. दोन कॉलमनाही त्यातलं थोडंच लागतं. पण केटरिंगवाला त्याच बोर्डाला चहाचा बॉयलर लावतो आणि ऐन केक कापताना लाइन उडते. गेल्या गेल्या त्याच्याशी बोल.

हवेचं मी जास्त सांगेन, कारण साताऱ्याच्या सवयी इथे उपयोगाच्या नाहीत. गणपती ऑगस्ट-सप्टेंबरात येतात, तेव्हा बाहेर उकाडा आणि हवेत पाणी. एसीच्या खोलीतला थंडगार कॉलम तसाच बाहेर काढलास तर त्याच्यावर आणि आतही दव धरतं. पिशवीतच अर्धा-पाऊण तास राहू दे, मग उघड आणि मग वीज दे. उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीत तर कधीच ठेवू नकोस, बॅटरीवाला असेल तर मुळीच नाही. लिथियम बॅटरी उष्णतेने आयुष्य गमावते. आणि असा स्पीकर भारतातून आणायचा विचार असेल, तर विमानात १०० वॅट-तासांवरच्या बॅटरीला कंपनीची परवानगी लागते आणि १६०च्या वरची नेताच येत नाही.

ऑक्टोबरनंतर वाळवंटातल्या सहलींची कामं येतील. तिथे कॉलमचे निम्मे गुण हरवतात. भिंत नाही, छत नाही, बेसला टेका देणारं काही नाही. हॉलमध्ये एक पुरतो, तर वाळवंटात दोन लागतील, आणि शक्य असेल तर दोन्ही बेस शेजारी ठेव. त्यांनी एकमेकांना दिलेली जोड उघड्यावर फार कामाची. शमाल वारा सुटला तर दोन मीटरचा खांब सहज आडवा होतो, म्हणून बेसवर वाळूच्या पिशव्या ठेव. खांबाच्या तुकड्यांच्या जोडणीत वाळूचा कण गेला की पिना खरडतात, तिथे ब्रश लागेल. जनरेटर लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. आणि हिवाळ्यात मध्यरात्रीनंतर दव पडतं, तेव्हा एक ताडपत्री बरोबर असू दे.

दुबिझलच्या जाहिरातींत जुना माल स्वस्त दिसेल. घ्यायला हरकत नाही, पण त्या पिना आधी बघ आणि खालपासून वरपर्यंत चढत जाणारा सूर वाजवून एकेका लहान स्पीकरला कान लाव. आठातला एक मुका असला तरी लांबून कळत नाही. नवा घेतानाही दुकानाच्या छोट्या खोलीत समोर उभं राहून ठरवू नकोस. जमेल तितकं लांब जा. तिथून एक ढोलकीची लावणी, एक ताशाचं ध्वनिमुद्रण आणि तुझ्याच फोनवर टिपलेलं एखाद्या बाईचं हळू बोलणं ऐक. ताशा कानाला टोचला, ढोलकीची शाई आणि चाट वेगवेगळी कळली नाही, किंवा बोलणं ओढून ऐकावं लागलं, तर तो तुझ्यासाठी नाही.

परवान्याबद्दल ताई विचारत होती, तिचं बरोबर आहे. तुझा व्हिसा एका कंपनीचा आहे. सुट्टीच्या दिवशी का असेना, पैसे घेऊन वाजवायचं तर अर्धवेळ कामाचा किंवा फ्रीलान्सचा परवाना आधी काढ. कार्यक्रमाला आणि त्यात वाजवणाऱ्यालाही दुबईत अर्थ व पर्यटन खात्याची परवानगी लागते, आमच्याकडे अबू धाबीत संस्कृती व पर्यटन खात्याची. आयोजक म्हणाला "आपलेच लोक आहेत", तरी कागद पाहिल्याशिवाय तारा जोडू नकोस. त्या दिवशीच्या नमाजाच्या वेळा लिहून ठेव. डिसेंबरात मगरिब साडेपाचच्या सुमारास आणि इशा सातच्या आसपास येते, म्हणजे दोन्ही तुझ्या कार्यक्रमाच्या आगेमागे. अजान कानावर आली की संगीत थांबव, आयोजकाने सांगायची वाट पाहू नकोस. रमजानात कामं जवळजवळ नसतातच, आणि मे २०२२मध्ये राष्ट्राध्यक्ष शेख खलिफा गेले तेव्हा चाळीस दिवसांचा दुखवटा होता. असे महिने धरून वर्षाचा हिशेब मांड.

या हिशेबात दोन कॉलम एकदम बसत नाहीत. पहिल्या हंगामाला बारा इंची बेसचा एकच घे, रोख. दुसरा लागेल त्या दिवशी त्याच नमुन्याचा भाड्याने आण आणि ते भाडं आयोजकाला आधी सांग. नाचाची कामं सारखी येऊ लागली की दुसरा घेऊ. दुकानात जायच्या आधी मला फोन कर, सुट्टी असली तर मीही येतो. तारा आणि वाळूच्या पिशव्यांसाठी कापड माझ्याकडे आहे, ते विकत घेऊ नकोस.

ताईला आणि भावजींना नमस्कार. कळावे.

तुझा मामा