बुद्धिबळ: रोजच्या एका तासाचं वेळापत्रक

जुलै २०२५मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीत नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयानं ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. त्याआधी २०२४च्या बुडापेस्ट ऑलिम्पियाडमध्ये भारताच्या दोन्ही संघांनी सुवर्ण मिळवलं. त्यांत दिव्या होती, नाशिकचा विदित गुजराथी होता आणि महिला संघाचे कर्णधार होते पुण्याचे अभिजित कुंटे. नावं आपल्याच शहरांतली, त्यामुळे पालकांचे प्रश्नही वाढले आहेत. मुलाला गोडी आहे, पण वेळ किती द्यायचा? शाळेच्या अभ्यासाचं काय?

नवशिक्याला रोज एक तास पुरतो. मात्र तो कशावर खर्च होतो, हे महत्त्वाचं.

पहिल्या वर्षी बहुतेक मुलं ओपनिंगमुळे, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींमुळे, हरत नाहीत. मोहरं फुकट गेल्यामुळे हरतात. तरीही सुरुवात होते ती युक्त्या पाठ करण्यापासून. चार चालींतली मात सगळ्यांनाच आवडते: वजीर एच ५वर, उंट सी ४वर आणि मग एफ ७वर घाव. समोरच्याला माहीत नसेल तर डाव तिथेच संपतो. माहीत असेल तर तो घोडा सी ६वर आणतो, जी ६ खेळून वजिराला हुसकावतो आणि वजीर एफ ३वर गेला की दुसरा घोडाही एफ ६वर काढतो. पांढऱ्याचा वजीर दोनदा हलला, काळ्याचे दोन्ही घोडे मैदानात आले. पाठ केलेली युक्ती इथे संपते आणि पुढचं स्वतःच्या डोक्यानं खेळावं लागतं.

म्हणून सोमवार ते शुक्रवार तासातली पहिली २० ते ३० मिनिटं कोड्यांची. घोड्यानं एकाच वेळी राजा आणि वजीर धरणारा फोर्क, मागच्या मोठ्या मोहऱ्यामुळे पुढचं मोहरं जखडणारी पिन, एक-दोन चालींत मात, अशी सोपी कोडी भरपूर सोडवावीत. उत्तर मनात पूर्ण झाल्याशिवाय मोहऱ्याला हात लावायचा नाही. लिचेस या संकेतस्थळावर ही कोडी मोफत मिळतात. उरलेल्या वेळात दोन दिवस डावाचा शेवट, दोन दिवस मोठ्या खेळाडूंचा एखादा जुना डाव पटावर मांडून पाहणं आणि एक दिवस ओपनिंग. एवढंच ओपनिंग सुरुवातीला पुरे.

डावाचा शेवट कंटाळवाणा वाटतो, पण एक स्थिती मांडून पाहावी. पांढरा राजा ई ६, प्यादं ई ५, काळा राजा ई ८. चाल कुणाचीही असो, पांढरा जिंकतो. आता पांढरा राजा ई ५वर आणि प्यादं ई ६वर ठेवा. काळ्यानं नीट बचाव केला तर डाव बरोबरीत सुटतो. राजा प्याद्याच्या पुढे हवा, हे मुलाला पटावर दिसलं की ते विसरत नाही.

शनिवार-रविवारी किमान अर्ध्या-अर्ध्या तासाचा एक सावकाश डाव, चाली वहीत लिहून. मोबाइलवरच्या तीन मिनिटांच्या डावांनी हात चालतो, विचाराची सवय लागत नाही. प्रत्येक चालीआधी तीन गोष्टी तपासायच्या: समोरचा शह देऊ शकतो का, काही मारू शकतो का, कशाची धमकी आहे? डाव संपला की कुठे चुकलं ते मुलानं आधी स्वतः लिहावं, चाली तपासणारं संगणकावरचं इंजिन त्यानंतर. जगज्जेता डी. गुकेश याला प्रशिक्षक विष्णु प्रसन्ना यांनी सुरुवातीची अनेक वर्षं इंजिनपासून दूरच ठेवलं होतं.

पालकांनी रेटिंगचं गणित समजून घ्यावं. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या नियमांत १८ वर्षांखालच्या, २३००पेक्षा कमी रेटिंग असलेल्या खेळाडूचे गुण झपाट्यानं बदलतात. बरोबरीच्या खेळाडूकडून एक डाव हरला तरी २० गुण जातात. एका स्पर्धेत साठ गुण घसरले म्हणून क्लास बदलायची घाई नको. तीन महिन्यांनी वही उघडावी आणि फुकट गेलेली मोहरी मोजावीत. ती कमी होत असतील तर सराव योग्य दिशेनं चाललाय.

आणि करिअर? ग्रँडमास्टर होण्याचा नेहमीचा रस्ता २५०० रेटिंग आणि तीन नॉर्मचा, म्हणजे पात्र स्पर्धांमध्ये ठरलेल्या दर्जाच्या तीन कामगिऱ्यांचा. तिथवर फार थोडे पोचतात. पण प्रशिक्षक आणि पंच यांना काम आहे, रेल्वे आणि पेट्रोलियम कंपन्यांनी बुद्धिबळपटूंना नोकऱ्या दिल्या आहेत आणि शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये ठरावीक पातळी गाठली तर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात.

गुकेशनं चौथीनंतर नियमित शाळा सोडली, हे उदाहरण घरोघरी दिलं जातं. पण १९८८मध्ये भारताचे पहिले ग्रँडमास्टर झालेल्या विश्वनाथन आनंद यांनी चेन्नईच्या लोयोला कॉलेजातून वाणिज्य शाखेची पदवी घेतली. नवशिक्याच्या घरात शाळा सोडण्याचा प्रश्नच येत नाही. दहावीच्या वर्षी स्पर्धा कमी कराव्यात, रविवारचा डाव पंधरवड्यातून एकदा ठेवावा आणि रोजची वीस मिनिटांची कोडी परीक्षेच्या आठवड्यापर्यंत चालू ठेवावीत.