साक्ष आणि पुरावा

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ९:१-३१, १ करिंथ १५:३-८



गेल्या पावसाळ्यात पाड्यावरच्या प्रार्थनासभेत एका भावाने साक्ष दिली. तो खोकून बेजार होता, वजन उतरले होते. त्याच दिवसांत तो प्रभूकडे वळला. आता खोकला गेला होता, दारूही सुटली होती. सर्वांनी देवाचे गौरव केले. ही साक्ष पत्रिकेत द्यायची असे मी मनाशी ठरवलेही.

सभा सुटल्यावर मागे बसलेल्या एका तरुणाने मला विचारले, "ताई, माझी आय भगताकडं बरी झाली. तिचं खोटं नि याचं खरं, असं कसं?"

मला उत्तर सुचले नाही. घरी येऊन शौलाचा अध्याय पुन्हा वाचला.

दिमिष्काच्या वाटेवरचा प्रकाश आपल्याला पाठ असतो. त्यानंतरचे २६ वे वचन आपण घाईने ओलांडतो. शौल यरुशलेमेस आला, पण तो शिष्य आहे यावर तिथल्या शिष्यांचा विश्वास बसेना. बर्णबाने त्याच्यासाठी शब्द टाकला, आणि त्याने दोन गोष्टी सांगितल्या : वाटेत काय घडले, आणि त्यानंतर दिमिष्कात शौल कसा वागला. गलतीकरांस पत्र पाहिले तर मध्ये तीन वर्षे गेली होती. शिष्यांच्या या संशयाबद्दल शास्त्र त्यांना दोष देत नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

पुढे करिंथकरांना पुनरुत्थानाविषयी लिहिताना पौल केफा, बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, याकोब, सर्व प्रेषित अशी नावे घेतो आणि स्वतःला शेवटी ठेवतो. आपला अनुभव तो लपवत नाही. पण सगळा भार त्यावर टाकतही नाही.

ज्याला अनुभव आला त्याला तो पुरेसा असेल. ऐकणाऱ्यासाठी मात्र तो एका साक्षीदाराचा शब्द असतो. तो विचारात घ्यायचा, आणि इतर साक्षींशी ताडूनही पाहायचा. काय घडले हा एक प्रश्न, कोणामुळे घडले हा दुसरा. भगताला आपण दुसरा प्रश्न विचारतो, तर तो आपल्या सभेतही विचारायला हवा. स्वतःच्या अनुभवाचा अर्थ पुढे नव्याने कळू शकतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. पण तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त स्वतः पुढे काही वर्षांनी भेटला, असे त्यांनीच नंतर लिहून ठेवले.

आता त्या भावाचे. त्याला टीबीच्या गोळ्या चालू होत्या, हे साक्षीत आलेच नव्हते. या गोळ्यांनी काही आठवड्यांतच बरे वाटू लागते, पण त्या किमान सहा महिने घ्याव्या लागतात. साक्ष दिल्यावर त्याने त्या सोडल्या. देवाने बरे केल्यावर गोळ्या कशाला! दिवाळीत खोकला परत आला. आमच्या टाळ्यांचाही त्यात वाटा होता. मी त्याला आरोग्य केंद्रात नेले, उपचार पुन्हा सुरू झाले.

दारू मात्र सुटली ती सुटलीच. हे मला त्याच्या बायकोने सांगितले. ती सभेला येत नाही, बाप्तिस्मा घेणार नाही असे स्पष्ट म्हणते. चुलीपुढे बसून ती एवढेच बोलली, "आता मारत नाय. पैसं घरात आणतो."

तरुणाला मी हे सगळे सांगितले. आपली आई कशाने बरी झाली, हे तो आता तिलाच विचारणार आहे.