गरम वर्टसाठी नळी कोणती?

प्रश्न : न्यू जर्सीत घरी बिअर करतो. पंपाला पारदर्शक पीव्हीसी नळी लावली. उकळता वर्ट येताच ती चिमटली. पंप बदलावा का?

उत्तर : दोष पंपाचा नाही, नळीचा आहे. वर्ट म्हणजे माल्टचा गोड काढा. त्याच्या 100 अंशांजवळच्या उष्णतेत पीव्हीसी मऊ पडते आणि पंपाच्या ओढीने चपटते. आतून अर्धा इंच व्यासाची, जाड, फूड-ग्रेड सिलिकॉन नळी हे सहज सोसते. मात्र तिच्यातून ऑक्सिजन झिरपतो. आंबलेल्या थंड बिअरसाठी ती टाळावी. जोडणीला स्टेनलेस स्टीलचे कॅमलॉक महाग, पण टिकाऊ. आट्यांवर टेफ्लॉन टेप हवाच. चुंबकी पंप सहसा स्वतः द्रव खेचून घेत नाही; तो भांड्याच्या खालच्या पातळीवर ठेवावा. प्रवाह नेहमी बाहेरच्या बाजूच्या व्हॉल्व्हनेच कमी करावा. आतली वाट आवळल्यास बुडबुडे होऊन धार तुटते.